टिटवी

टेबलावर तिन्ही यानं ओळीनं मांडलेली,
मिरजेत, स्टेशनमागच्या बोळात,
पत्र्याच्या खोलीत, दुपारी तीनला.
विकणारा म्हणाला, तिन्ही अस्सल.
म्हटलं, बघू.

मला बघता येतं. एवढंच येतं.
विमा कंपनीत बत्तीस वर्षं सह्या ताडून पाहिल्या,
मयताच्या, वारसाच्या, थरथरत्या, बनावट,
आणि रात्री झाकपाक झाल्यावर
त्या मालिकेच्या कॅसेटी,
एकेक चित्र थांबवत.
तेरा भाग. सहावा कुणाकडेच नाही.

पहिलं यान: पोटाला बॉलपेनची टोपणं,
शेपटाला ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर.
देखणं काम. पण ती टोपणं बाजारात आली
मालिका संपल्यावर चार वर्षांनी.
बाजूला ठेवलं.

तिसरं अर्धंच. दहाव्या भागात पेटतं ते.
फाटलेल्या पत्र्याची कड मी चित्रात मोजली होती,
सात दात, एक वाकडा.
इथेही सात, एक वाकडा.
ते खरं.

राहिलं मधलं.
राखाडीत किंचित जांभळी झाक, हवी तशी.
खिडक्या सतरा, हव्यात तेवढ्या.
सांध्यातली पिवळी पूड नखानं काढून हुंगली: हळद.
पण सांगलीची हळद कुठंही शिरते,
तो काही पुरावा नव्हे.
नवव्या भागात टिटवी कूस बदलते,
अडीच सेकंद पोट दिसतं,
तिथं तळहाताएवढा चट्टा, रंग न धरलेला.
हिचं पोट गुळगुळीत.

मग पलीकडून दस्तगीरचाचांना बोलावलं,
सतारी करणारे, वय ब्याऐंशी.
त्यांनी चष्मा लावलाच नाही.
बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं, कान लावला.
"फायबर हाय हे. आमचा भोपळा न्हाई."

भोपळा?

"मग काय तर. मुंबईचा माणूस आला,
हलकं पायजे म्हणाला, पोकळ पायजे, गोल पायजे.
म्हटलं, मग तंबोऱ्याचाच घ्या की.
दोन भोपळे तोंडाला तोंड लावून सरसानं जोडले,
मागं दोन भोकं पाडली, दिव्यांना.
चट्टा असणारच.
वेलावर असताना भुईला टेकतो तो,
टेकला तिथं साल कच्ची ऱ्हाते.
दर भोपळ्याची निराळी."

तीस वर्षं मी त्याला
उल्केचा घाव समजत होते.
वहीत लिहिलंय तसं, तारखेसकट.

"पैसे काय आले न्हाईत. मग मीच गेलो,
मागून आणलं, एष्टीत मांडीवर ठिवून.
कंडक्टरनं निम्मं तिकीट लावलं.
मग सांधा सोडवला, रंग खरवडला,
भोकं लाखेनं बुजवली, दांडी बसवली, विकला तंबोरा.
कुणाला? सांगलीचीच कुणी मुलगी.
लग्नाआधी शिकत होती."

विकणाऱ्यानं विचारलं, मग मधल्याचं किती द्याल?
मी जळक्याचे दिले.

तेव्हापासून गाण्याच्या बैठकींना जाते.
सूर मला कळत नाहीत.
तंबोऱ्याच्या पाठीशी जागा धरते
आणि लोक डोळे मिटतात तेव्हा उघडे ठेवते.
अकरा पाहिले. अकरांच्या पाठी कोऱ्या.

परवा विश्रामबागेत एका गाण्याच्या क्लासात
कोपऱ्यात गवसणी घातलेला एक उभा होता.
म्हटलं, जरा उलटा करून दाखवता का?
बाईंनी माझ्याकडे बघितलं,
मग त्याच्याकडे.
"याच्या पंचमाला काहीतरी होतं," म्हणाल्या,
"जवारी नव्हे, निराळीच बारीक झणझण,
दूरून आल्यासारखी.
सासूबाईंपासून आहे. दोनदा मिरजेला दाखवला,
सापडत नाही."

गवसणीच्या नाडीला निरगाठ बसली होती.
त्या दातांनी सोडवायला लागल्या.
मी चष्मा पुसत उभी.